विश्रामरावांचा फोन लागला

चिपळूणच्या शिर्क्यांकडे नव्या जोडप्याच्या हातून सत्यनारायण झाला. सून एलोदी फ्रान्सची. पंगतीत कुणीतरी तिचा फोन नंबर विचारला. तिकडच्या सवयीने तिने दोन-दोन आकडे जोडून, पण चक्क मराठीत सांगितला, "अठ्ठ्याण्णव, सदतीस, चव्वेचाळीस..."

नवऱ्याचे काका विश्रामराव नुकतेच अमेरिका पाहून आलेले. ते मोठ्याने हसले. "नंबर सांगतेयस की पाढे म्हणतेयस? आधी तीन आकडे, मग तीन, मग चार, असा सांगायचा! तुझ्या पद्धतीनं फोन लागेल का कुणाला?"

एलोदीचा घास हातातच राहिला.

सासू हेमलताबाईंनी विश्रामरावांचं व्हिजिटिंग कार्ड तिच्यापुढे धरलं. "वाच गं, तुझ्याच पद्धतीनं."

ती वाचत गेली, सासूबाई बटणं दाबत गेल्या. विश्रामरावांचा खिसा वाजला. सवयीने त्यांनी फोन कानाला लावला. "हॅलो, कोण?"

समोरच बसलेल्या हेमलताबाई फोनमध्ये म्हणाल्या, "भाऊजी, लागला बरं का! आता माझ्या सुनेचं मराठी किती छान आहे ते सांगा, म्हणजे ठेवते."

विश्रामरावांना सांगावंच लागलं. एलोदीने पातेल्यातला प्रसादाचा शिरा सासूबाईंच्या पानात वाढला आणि पहिल्यांदाच म्हणाली, "आई, घ्या ना."