सावरीवरची माळ

फार वर्षांपूर्वी एका जंगलात वणवा लागला की वानर उंच सावरीवर लाल पानांची माळ टांगत असे. ती दिसताच सगळे नदीकडे पळत.

एकदा आंधळ्या साळिंदरीने विनवलं, "वानरदादा, मला माळ दिसत नाही. सोबत हाकही देत जा."

"तुझ्या एकटीसाठी? बघू पुढे," असं म्हणून वानर माळेतली पानं नीट लावत बसला.

चैत्रात वणवा पेटला. माळ टांगून वानर पळाला. वारा उलटा होता, म्हणून साळिंदरीला धुराचा वास फार उशिरा आला.

आग विझल्यावर सगळे परतले. साळिंदरी बिळाच्या तोंडाशी आपल्या दोन पिल्लांवर ओणवी होऊन जळाली होती.

"ही का पळाली नाही?" हरणीने विचारलं.

वानराची मान खाली गेली. "तिला कोणी सांगितलंच नाही," तो म्हणाला.