बुजवलेले दार

फार पूर्वी, अरबांचे राज्य नुकतेच दूरवर पसरले होते त्या काळी, एका मोठ्या नदीच्या काठी एक नवे शहर वसले होते. खलिफा दूर राजधानीत राहत. शहर सांभाळण्यासाठी त्यांनी एक सुभेदार नेमला होता. सुभेदाराचा महाल आणि शहराची मशीद यांची भिंत एकच होती आणि त्या भिंतीत एक दार होते. दर शुक्रवारी सुभेदार त्या दारातून थेट मशिदीत येई आणि मिंबरावर, म्हणजे प्रवचनाच्या उंच चौथऱ्यावर, उभा राहून उपदेश करी. होता होता त्याला वाटू लागले, की महाल जसा आपला, तशी मशीदही आपलीच.

शहराची रीत मात्र काटेकोर होती. राज्याचा हुकूम महालाच्या पायरीवरून दवंडी पिटून द्यायचा. एखादे काम धर्माचे कर्तव्य असेल, तरच ते मिंबरावरून सांगायचे, आणि तेव्हा वृद्ध काझींनी उठून ‘साक्ष आहे’ असे म्हणायचे. त्या दोन शब्दांवाचून लोक ते धर्माचे मानीत नसत.

सुभेदार दुष्ट नव्हता, हौशी होता. नदीकाठी हवामहाल बांधावा, असे त्याच्या मनाने घेतले. पण ते खजूर उतरवण्याचे दिवस होते. मजूर काही ना काही सबब सांगून टाळू लागले. तेव्हा कारभाऱ्याने युक्ती सुचवली, की हे काम धर्मकार्य म्हणून मिंबरावरूनच जाहीर करावे. सुभेदाराला ती पटली. त्याने काझींना बोलावून साक्ष मागितली.

काझी शांतपणे म्हणाले, “सुभेदारसाहेब, हुकूम तुमचा आहे, तो पायरीवरून द्या. मजुरांना पाणी पाजायला मी स्वतः येईन. पण मिंबरावरून दिलात, तर माझी साक्ष मिळणार नाही.”

“तुमच्या घरचे पीठ माझ्या कोठारातून येते, हे विसरलात वाटते?”

“विसरेन कसा? रोज जेवताना तुमचे आभार मानतो. पण कोठारातून येते ते पीठ. साक्ष तिथून येत नाही.”

कारभारी मिशीत हसून म्हणाला, “राहू द्या, हुजूर. काझीसाहेबांना उपासांची आवड दिसते. आपण त्यांना बारा महिने रमजान देऊ.”

शुक्रवारी सुभेदाराने मिंबरावरून हवामहालाची गोष्ट काढलीच. सगळ्यांच्या नजरा काझींकडे वळल्या. ते मान खाली घालून बसून राहिले. सुभेदाराने तो विषय तिथेच सोडला. कशीबशी प्रार्थना उरकून तो दारातून निघून गेला. दुसऱ्याच दिवशी काझींचे पीठ बंद झाले. त्यांच्या पत्नीने खजुराच्या पात्यांच्या टोपल्या विणून चूल पेटती ठेवली. इकडे सुभेदाराने कधी रस्त्याच्या, तर कधी तटाच्या डागडुजीची दवंडी पिटून लोकांना बोलावले आणि हवामहालाच्या विटा वाहायला लावले.

वसंत आला. डोंगरांवरचे बर्फ वितळले, नदी फुगली आणि शहराच्या वरच्या अंगाचा बंधारा पाझरू लागला. सुभेदाराने घाईघाईने दवंडी पिटवली. कोणी उंबरठा ओलांडला नाही. “बंधारा म्हणतील आणि विटा वाहायला लावतील,” असे म्हणून लोकांनी दारे लोटून घेतली.

सुभेदाराच्या पायाखालची जमीन सरकली. एका शहराचे प्राण जाणार होते आणि त्याच्या शब्दाला कवडीची किंमत उरली नव्हती. तो स्वतः बंधाऱ्यावर धावला, हातांनी माती लोटून पाहिली आणि तसाच मशिदीत आला. महालाच्या दारातून नव्हे, सर्वांच्या मोठ्या दरवाजातून.

काझींनी एवढेच विचारले, “पाणी तुम्ही डोळ्यांनी पाहिलेत?”

सुभेदाराने चिखलाने माखलेले हात पुढे केले.

काझी मिंबरापाशी उभे राहिले आणि म्हणाले, “बंधारा वाचवणे हे धर्माचे काम आहे. साक्ष आहे.”

शब्द घरोघरी पोचला आणि गाव लोटले. कुंभार माती घेऊन आले, नावाडी बोरूच्या चटया घेऊन आले. टोपल्या हातोहात फिरू लागल्या. सूर्य कलण्यापूर्वी पाझर थांबला. सुभेदारही रांगेत उभा होता. घट्ट विणीची एक टोपली पुन्हा पुन्हा हाती येई, तेव्हा ती कोणाची, असे त्याने शेजाऱ्याला विचारले. “काझीणबाईंची,” तो म्हणाला. “पीठ बंद झाल्यापासून विणतात ना.” सुभेदाराला त्या टोपलीचे ओझे पेलवेना.

पुढच्या शुक्रवारी तो सर्वांदेखत काझींपुढे उभा राहिला. “त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी साक्ष दिली असतीत, तर परवा तुमच्या साक्षीलाही कोणी आले नसते. तुमच्या नकाराने हे शहर वाचले. मी तुमचा जन्माचा ऋणी आहे.”

“आभार परमेश्वराचे माना,” काझी म्हणाले. “आणि माझे मानायचेच असतील, तर पीठ सुरू करा. टोपल्या विणून आमच्या घरच्यांची बोटे सोलली आहेत.”

लोक हसले, सुभेदारही हसला. त्याच आठवड्यात हवामहालाच्या विटांनी भिंतीतले ते दार बुजवण्यात आले. भिंत मात्र एकच राहिली. शेजार मोडला नाही. पुढे सुभेदार मशिदीत सर्वांच्या दरवाजातूनच येई, आणि येताना एकदा त्या नव्या विटांवरून कृतज्ञतेने हात फिरवी.

तात्पर्य: सत्तेच्या हौसेपुढे जो धर्म झुकत नाही, तोच संकटात सत्तेला हात देतो, म्हणून सज्जनाचा नकार हा उपकार समजून मस्तकी धरावा.