बांधाचं दार

त्या मुलखातली नदी कोरडी होती आणि सगळे प्राणी नदीच्या पात्रातच राहत होते. मऊ वाळूत बिळं उकरायला सोपी, शिवाय कलिंगडाचे वेलही तिथेच फोफावत. वरच्या अंगाला एक बांध होता. त्याच्या लाकडी दारामागे पाणी साठत होतं आणि दाराशी राखणदार असे. दारामागे पाणी किती चढलंय, याची पात्रात कुणाला काडीची फिकीर नव्हती.

एके सकाळी राखणदाराने हाक दिली. काठावरची झाडं तहानेने मरताहेत, दार उघडायचं आहे, तेव्हा सगळ्यांनी वर या. सर्वांत आधी काटेरी साळू निघाली. ऐन पिकलेली कलिंगडं सोडून निघाली, आणि हे तिने वाटेत भेटेल त्याला ऐकवलं. तिच्यामागून ससे आले, घोरपडी आल्या, कुरकुरत का होईना पण रानडुकरंही आली. तरस तेवढा आला नाही.

तरस म्हणजे पात्रातला नामचीन चोर. त्याने लुटलं नाही असं एक बीळ शिल्लक नव्हतं. राखणदाराने मात्र त्याच्यासाठी चढत्या पाण्याने डुगडुगणाऱ्या दाराला खांदा लावला आणि पाणी अडवून धरलं. रोज सकाळी तो हाक मारी, "तरसा, वर ये रे!" असे सहा दिवस गेले. काठावरची दोन झाडं वाळली. राखणदाराचा खांदा सोलवटून निघाला.

इकडे साळूचा जळफळाट झाला. "पहिल्या दिवशी पहिली आले मी, आणि नाव घ्यायचं त्या चोराचं!" ती सशांना ऐकवी. ससे बिचारे मान डोलावत आणि गवत खात. खरं सांगायचं तर झाडं वाळल्याचं तिला फारसं दुःख नव्हतं. तिला हवी होती ती हाक. त्या आवाजातलं आर्जव तिला सगळंच्या सगळं, एकटीला हवं होतं.

न राहवून ती राखणदारापाशी गेली. "बाबा, माझी कधी चौकशी केलीत?"

"तू इथे माझ्या डोळ्यांसमोर आहेस ना, बाई," तो म्हणाला.

तिचे काटे फुलले. एवढंच?

सातव्या दिवशी राखणदार म्हणाला, "आज ऊन डोक्यावर आलं की दार उघडायचं. खाली जाऊन तरसाला कुणी सांगेल का?"

"मी जाते," साळू म्हणाली. राखणदाराचा चेहरा उजळला. तो उजेडही तरसासाठीच आहे हे तिला दिसलं आणि ती तरातरा उतरली.

तरस गुहेच्या तोंडाशी बसला होता. सहा दिवसांत त्याने काही खाल्लेलं दिसत नव्हतं. "साळूताई," तो खाली बघत म्हणाला, "मी वर आलो तर मला उभं करतील का गं? तुझंही घर फोडलंय मी."

साळूला क्षणभर वाईट वाटलं. पण क्षणभरच. "सावकाश ये की, तरसदादा," ती गोड आवाजात म्हणाली. "घाई कसली? महिनाभर तरी दार धरेल तो." आणि मग तिला आवरेना. "लाडका ना तू त्याचा! खांद्यातून रक्त गळतंय, तरी तोंडात तुझंच नाव!"

"रक्त?" तरसाने विचारलं.

साळू फिरली. परतीच्या वाटेवर तिचा मळा लागला आणि तिचे पाय थांबले. आपण वर दिसलो नाही तर आपल्यालाही हाक मारेल का तो? बघूच. तिने एक कलिंगड फोडलं आणि ऐसपैस बसली.

ऊन डोक्यावर आलं, आणि हाक आली.

"साळू! वर ये गं!"

तिला भरून आलं. जन्मभर ऐकत राहावा असा तो आवाज होता, आणि त्यात तिचं नाव होतं. ती उठली नाही. अजून एकदा मारू दे, मग जाऊ.

"साळू!" या खेपेला आवाज फाटला होता.

अजून एकदाच, असं म्हणत तिने मान वर केली. बांधाच्या दाराशी राखणदार वाकलेला होता. त्याच्या शेजारी, चारही पाय मातीत रोवून, कुणीतरी दाराला दुसरा खांदा लावला होता. केसाळ, बुटक्या मागच्या पायांचं कुणीतरी. फळ्यांच्या फटींतून पाणी उडत होतं आणि तरस तिच्याकडे तोंड करून ओरडत होता, "ताई, पळ! आम्ही धरलंय!"

साळूच्या पायाखालची वाळू ओली झाली होती.