काळ्या खडकावरच्या खुणा

नद्यांना नावं मिळायच्या आधीची ही गोष्ट. पूर येऊ लागला की काठावरच्या रानात गोंधळ उडे. बगळा म्हणे, "पाणी गुडघाभरच आहे." मुंगी ओरडे, "बुडालो!" ज्याचं त्याचं माप त्याच्यापुरतं खरं होतं, पण पळायचं कधी, हे कुणालाच कळत नसे.

शेवटी भद्रा हत्तीण म्हणाली, "पाणी कुठवर चढलं की कुणाचं घर बुडतं, त्या खुणा नदीतल्या काळ्या खडकावर करू. पहिल्या खुणेला पाणी लागलं की सगळेच निघू."

खुणा झाल्या, पण टिटवी रडवेली झाली. "माझी पिल्लं खाली वाळूत असतात. तुमच्या पहिल्या खुणेआधीच ती वाहून जातील."

"बाई, हे आमच्या ध्यानातच आलं नाही," म्हणत भद्रा पाण्यात उतरली. सोंडेत गारगोटी धरून तिनं आणखी खाली एक खूण कोरली.

श्रावणात पाणी त्या खुणेला टेकलं. मुंग्या, हरणं, वाघ, पिल्लांसह टिटवी, सगळं रान एकदमच टेकडीकडे निघालं. कुणी कुणाला ढकललं नाही. वर पोचल्यावर त्यांनी मागं वळून पाहिलं. खाली नजर पोचेल तिथवर पाणीच पाणी होतं, आणि वाघ नि हरीण शेजारी उभे राहून ते पाहत होते.