शूर्पारकाला धाडलेला निरोप

पूर्वी प्रतिष्ठान नगरात सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व निरोप्यांच्या कुळात जन्माला आला होता. लिहिता-वाचता येणारी माणसं तेव्हा होतीच किती? परगावच्या माणसाला काही कळवायचं तर ते निरोप्याच्या तोंडून. त्याने अंगणात सगळ्या घरासमोर बसायचं, ऐकायचं, ऐकलेलं पुन्हा म्हणून दाखवायचं आणि वाटेला लागायचं.

त्याच नगरात भद्रिका आपल्या सासूबरोबर राहत होती. तिचा नवरा नागदेव सुतार. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच तो शूर्पारक बंदरात गलबतं बांधायला गेला, त्याला आता सहा वर्षं झाली होती. वाटेकडे डोळे लावल्याशिवाय भद्रिकेचा एक दिवस गेला नाही. जेवणाची ताटं मांडताना तिचा हात तिसऱ्या ताटाकडे जायचा, मग ती ते उगाच पुसून परत ठेवायची.

पण चारचौघांत, सासूच्या देखत, नवऱ्याची आठवण येते असं कुठली सून सांगेल? म्हणून पहिल्या वर्षी तिने कळवलं, घर गळतंय. तिला वाटलं, सुताराचं घर गळतंय म्हटल्यावर तरी येतील. नागदेवाने कौलं पाठवली आणि ती बसवणारा माणूसही पाठवला. पुढच्या वर्षी विहीर ढासळली म्हणून कळवलं, तर गवंडी आले. गाय आटली म्हटलं, तर दुभती म्हैस दारात येऊन उभी राहिली. भला माणूस होता बिचारा. म्हैस बघून भद्रिका गोठ्यात जाऊन रडली.

सातव्या वर्षीही बोधिसत्त्व नेहमीसारखा अंगणात येऊन बसला. भद्रिका म्हणाली, "दादा, त्यांना सांगा, कुंपण मोडलंय. गुरं आत शिरतात."

बोधिसत्त्वाने निरोप म्हणून दाखवला नाही. खेपेमागे त्याला पोटापुरतं धान्य मिळे, वर नागदेव शेला देई. गप्प राहण्यातच त्याचा फायदा होता. तरी तो म्हणाला, "मुली, कुंपण नीट झालं की तुझं दुखणं संपेल का?"

भद्रिका बराच वेळ बोटाने मातीत रेघा ओढत राहिली. मग म्हणाली, "नाही."

"मग इतकी वर्षं मी तिकडे भलतंच दुखणं सांगतोय, आणि तो त्याचंच औषध पाठवतोय. खरं काय खुपतंय ते आधी सांग. उपाय नंतर बघू."

तिने सासूकडे पाहिलं. म्हातारी तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "सांग गं बाई. तू कधी सांगतेस याची मीही वाट बघतेय. मी बोलावलं तर त्याला वाटेल, म्हातारीचा हट्ट."

भद्रिकेचे डोळे भरून आले. शेवटी ती हळू, पण नीट ऐकू येईल असं म्हणाली, "मला त्यांच्याशिवाय करमत नाही. त्यांनी घरी यावं."

"आणि कुंपण?"

"कुंपणाचं माझं मी बघते."

बोधिसत्त्वाने तेवढंच म्हणून दाखवलं आणि तो निघाला.

दीड महिन्याने नागदेव दारात उभा राहिला. पाय धुळीने भरलेले, कानांजवळचे केस पिकलेले. तो म्हणाला, "तिकडे बसून मला वाटायचं, या घराला कौलं हवीत, विटा हव्यात, मी नको." दोघांचीही सहा वर्षं गेली होती आणि ती आता परत येणार नव्हती. म्हातारीने त्याला पाय धुवायला पाणी दिलं.

ही गोष्ट सांगून झाल्यावर शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षुसंघाला म्हणाले, "त्या जन्मीचा तो निरोप्या मीच होतो. नागदेव आणि त्याची आई आज इथे उपासक म्हणून बसले आहेत. आणि भद्रिका म्हणजे ही भिक्षुणी सुजया, जिने या वर्षावासात तीनदा कुटी बदलून मागितली."

सुजयेने खाली पाहिलं. ती म्हणाली, "भगवन्, कुटी चांगली आहे. मला माझ्या लेकीची आठवण येते."

"आता आपल्याला बोलता येईल," शास्ते म्हणाले. "जे खुपतंय त्याला त्याच्याच नावाने हाक मारणं, ही सत्यपारमिता."