बातमीची टेकडी

तेरवाडीच्या उगवतीला एक बोडकी टेकडी आहे. तिच्यावर देऊळ नाही, झेंडा नाही, सावलीला झाडही नाही. उतारावर गावाची मसणवट आहे, एवढेच. तरी जानाईच्या जत्रेत हुतूतूचा सामना तेरवाडीने जिंकला, की हलग्या खाली ठेवून सगळा गाव आधी इथे येतो. तोवर वाजवायचे नाही, नाचायचे नाही. पाहुणे विचारतात, जिंकल्यावर मसणात कशाला जाता? मग धोंडीबा गुरव त्यांना पारावर बसवून घेतात आणि सांगू लागतात.

फार मागची गोष्ट. जत्रेत नदीच्या वाळवंटात तेरवाडी आणि पलीकडचे मांडवे यांच्यात हुतूतू होई. जिंकेल त्या गावाची निशाणाची काठी जानाईच्या देवळाच्या पायऱ्या आधी चढे. पहिल्याच सामन्यात तेरवाडी हरली, तेव्हा गड्यांच्या म्होरक्याने, म्हणजे पुढे म्होरक्या झालेल्या हैबतीच्या आज्याने, देवीला शब्द दिला, म्हणे : जिंकेपर्यंत आमचे गडी खेळाच्या दिवशी उपाशी उतरतील. पुढच्या वर्षीही हार झाली. उपासात काही कसूर राहिली, असे गावाला वाटले. मग फराळ बंद झाला, पुढे आदल्या रात्रीचे जेवण, शेवटी पाणीसुद्धा. उपास कडक होत गेला, तशी तेरवाडी आणखी लवकर हरू लागली. आजा गेला, बाप गेला, हैबतीही हरता हरता म्हातारा झाला.

ठकूबाई ही हैबतीची बायको. तरुणपणी रात्रीचे जेवून उठला, की तो अंगणात हुतूतूचा दम धरी. ती विहिरीवरून घागर भरून परत येई, तरी त्याचा दम सुटलेला नसे. जत्रेत मात्र मधली रेघ ओलांडून थोडे पुढे जातो न जातो, तोच त्याचा आवाज फाटे. हे तिच्या ध्यानात आले होते. एकदाच ती म्हणाली, "अवं, औंदा खाऊन खेळा की."

हैबतीने पुढ्यातले ताट सरकवले. "आज्याचा शब्द हाय. पुन्यांदा बोलू नगंस."

ती पुन्हा बोलली नाही. माघात हैबती गेला. शेवटच्या दुखण्यातही, औंदा कोण कोण उतरणार, एवढेच तो विचारत होता, असे सांगतात.

त्या चैत्रात, जत्रेच्या सकाळी, ठकूबाईने चूल पेटवली. गड्यांचा म्होरक्या आता तिचा पुतण्या रावजी होता. गडी घरावरून निघाले, तर ओसरीवर भाकरी-पिठले मांडलेले आणि ठकूबाई वाटेत उभी.

"काकी, ह्ये काय? उपास मोडंल."

"मोडू दे."

"आन पाप?"

"ते मी घेते. देवीला म्हणावं, ठकीनं खायला घातलं. बसा आता, पिठलं निवतंय."

कोणी बसेना. पण घरातले दुःख ताजे, आणि सांगणारी हैबतीची बायको. शेवटी रावजीने मान खाली घालून भाकरी मोडली. मग एकेक जण बसला. ठकूबाई पानापानाशी वाकून वाढत होती. हरले तर गाव जन्मभर आपल्यालाच बोल लावील, हे तिला ठाऊक होते. जिंकले तर काय, याचा विचार तिने केला नव्हता.

वाळवंटात मांडव्याच्या पोरांनी नेहमीसारखे स्वागत केले. "आलासा? हरायला कधी उशीर न्हाई बरं तुमचा!"

रावजीने दम धरला आणि रेघ ओलांडली. नेहमी जिथे आवाज फाटायचा, तिथे तो फाटला नाही. एकाला शिवून, दुसऱ्याला शिवून तो तसाच घुमत माघारी आला. काठावरची माणसे उभी राहिली. उन्हे कलली तेव्हा मांडव्याचा शेवटचा गडी बाद झाला.

तेरवाडीला जिंकायचे कसे ते माहीतच नव्हते. हलगीवाल्यांनी सवयीने हरून परतायचा संथ ठेका धरला. काठीवाले सवयीने मागे जाऊन उभे राहिले. तेव्हा मांडव्याचा पाटीलच ओरडला, "अरं बाबांनो, म्होरं व्हा की! आमची वाट किती वेळ अडवता?" मग कुठे गाव हसला, आणि हसता हसता रडला. म्हातारी माणसे पोरांसारखी वाळूत लोळली.

ठकूबाई मात्र त्यांच्यात नव्हती. तिला शोधत रावजी टेकडीपर्यंत आला. हैबतीला जिथे अग्नी दिला होता, तिथे ती बसली होती. तो मागेच थांबला.

"अवं, जिंकलो," ती म्हणाली.

तिचेच खरे ठरले होते, आणि त्या माणसाला ते सांगायचे कसे, हे तिला कळत नव्हते. अखेर तिने पदर सावरला.

"तुमचा उपास पावला," ती हळूच म्हणाली.

रावजीने ते ऐकले. तो पुढे आला, काकीच्या शेजारी बसला आणि आपल्या मेलेल्या बापालाही त्याने तेच सांगितले. मागून गाव आला. हलग्या खाली ठेवून ज्याने त्याने आपापल्या माणसाला ती बातमी दिली.

आजही सामन्याच्या सकाळी तेरवाडीत गड्यांना घरोघरी बोलावून, आग्रह करकरून पोटभर वाढतात. जिंकले, की टेकडीवर जाऊन 'तुमचा उपास पावला' एवढेच सांगतात. पण चढायच्या आधी प्रत्येक गडी नदीवर वाकतो, खळखळून चूळ भरतो आणि मिशा नीट पुसतो. वर कुणाला पिठल्याचा वास येऊ नये म्हणून.