तेल्याच्या जागेवरचा दगड

शके सतराशे एक्काहत्तर, चैत्राचा शेवटचा आठवडा. करडईची मळणी उरकली होती आणि एका गावातला एकुलता एक घाणा दिवसभर कुरकुरत होता. तो घाणा एका तेल्याचा होता.

घाण्याचं काम असं. उखळात करडई टाकायची. उखळात लाट नावाचा उभा लाकडी दांडा फिरतो. लाटेला जोडलेली आडवी फळी बैल गोल गोल ओढतो. फळीवर वजन असल्याशिवाय लाट दाबत नाही आणि तेल उतरत नाही. म्हणून तेली फळीवर बसायचा. त्याचा बापही तसाच बसायचा. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बैल चालायचा आणि तेली बसायचा. लोक म्हणायचे, तेली दिवसभर राबतो. तेल्यालाही तसंच वाटायचं.

वीस वर्षं बसून त्याचं अंग सुटलं. पाय सुजायचे. उंबरा ओलांडला की धाप लागायची. जोड्यात पाय घालायला बायको लागायची. वैद्याचे काढे झाले, लेप झाले, उतार पडला नाही.

त्याचा बाप पंचेचाळिसाव्या वर्षी त्याच फळीवर बसल्या बसल्या गेला होता. बैल दोन फेरे तसाच त्याला घेऊन फिरला, तेव्हा कुठे घरच्यांना कळलं. तेल्याला या पाडव्याला पंचेचाळिसावं लागलं होतं. तो हे कोणाजवळ बोलत नसे. पण रोज सकाळी फळीवर चढताना त्याला बाप आठवे.

अशात त्याचा म्हातारा बैल मेला. दहा घरची करडई ओसरीवर येऊन पडलेली आणि ओढायला बैल नाही.

शेजारी एक विधवा राहायची. सारं गाव तिला मावशी म्हणे. तिची आठ बिघे काळी जमीन होती आणि बैलांची जोडी होती. पेरणी आश्विनात, तोवर बैल रिकामेच. तेली धापा टाकत तिच्या दारात गेला.

"मावशी, एक बैल द्याल?"

"तांबडा ने. पण तो घाण्याला नवा आहे. एकटा चालायचा नाही. कासरा धरून कोणीतरी बरोबर चालावं लागेल."

"मग फळीवर कोण बसेल?"

"ते तुझं तू बघ. तुझ्या बुडाला सांग, आता सुट्टी."

"मावशी, मला दहा पावलं चालवत नाहीत हो."

"मग दहा चाल आणि थांब. बैलाला कसली घाई आहे?"

तेली बैल घेऊन घरी आला. तेलिणीने सगळं ऐकलं. परसात दोन फुटकी जाती पडली होती. ती तिने गड्यासारखी उचलली आणि फळीवर ठेवली.

"वजनच हवं ना? हे घ्या वजन."

तेल्याला राग आला. "घाण्यावर तेली बसतो. दगड बसवून तेल उतरलं असतं तर माझ्या बापाने जन्मभर बूड झिजवलं असतं होय?"

"बघू तर खरं," ती म्हणाली.

तेल्याने कासरा धरला. अर्धा फेरा झाला, तो थांबला. पुन्हा अर्धा, पुन्हा थांबला. एरवी उखळ तीनदा भरून दिवसाला तीन घाण्या निघायच्या, त्या दिवशी जेमतेम एक निघाली. संध्याकाळी तेलिणीने तेल मापलं.

"नेहमीएवढंच आहे," ती म्हणाली. "उलट दगड बरे. मधेच पान मागत नाहीत."

तेली हसला नाही. तो ओट्यावर बसून राहिला. वीस वर्षं आपण राबतोय असं त्याला वाटत होतं. राबत बैल होता. आपण नुसतं वजन होतो.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून कासरा धरला.

गावाला गंमत झाली. पेंड न्यायला आलेला एक जण म्हणाला, "तेलीबुवा, यात बैल कोणता आणि तेली कोणता?"

"ज्याच्या डोळ्यांवर झापडं आहेत तो बैल," तेली धापा टाकत म्हणाला. "माझी कालच सुटली."

वैशाखात तो न थांबता पाच फेरे चालू लागला. ज्येष्ठात दोन घाण्या निघाल्या, आषाढात तीन. पायांची सूज ओसरली. एका सकाळी जोडे आपल्या हाताने चढवून तो अंगणात उभा राहिला, तेव्हा तेलीण पदराने तोंड पुसत आत गेली.

श्रावणात तांबडा घाण्याला सरावला. कासरा सोडला तरी आपला आपण फिरू लागला. तेल्याने फळीकडे पाहिलं. मनात म्हणाला, आता आपण चालायची काय गरज? आज एकच घाणी बसू. त्याने जाती उतरवली आणि चढून बसला. जागा ओळखीची होती. चार फेऱ्यांत डोळे मिटले, मान छातीवर पडली.

तेलीण करडईची पाटी घेऊन आली. बैल फिरत होता. फळीवर नवरा मान टाकून बसला होता. तिच्या हातातली पाटी पडली.

"अहो!"

तेली दचकून जागा झाला. ती खांबाला धरून उभी होती.

"मला वाटलं…" एवढंच ती म्हणाली.

तेली खाली उतरला. एकेक जातं उचलून त्याने फळीवर ठेवलं. मग बैलाचा कासरा धरला आणि चालू लागला. त्यानंतर तो फळीवर कधी बसला नाही.

आश्विनात त्याने स्वतःचा बैल घेतला आणि तांबडा परत द्यायला गेला. मावशी दारात डोक्याला हात लावून बसली होती. तिचा गडी तापाने अंथरुणाला खिळला होता. रानात पेरणीजोगी ओल होती, पण ती चार दिवसांची. बाकीचे लोक आपापल्या रानात. पेर चुकली तर वर्षाची ज्वारी गेली.

"मी येतो तिफणीला," तेली म्हणाला.

"नको रे. बैल आणलास, फिटलं आपलं."

"बैलाला मी चारा घातला, बैलाचं फिटलं. तुमचं राहिलंय."

"आठ बिघे आहेत. मधे बसायला फळी नाही."

"ते बरंच आहे. उठा, मावशी."

तेल्याने बैल जुंपले. मावशीने तिफणीच्या चाड्यावर, बी सोडायच्या वाटीवर, ज्वारीची मूठ धरली. पहिल्या दिवशी तो सूर्य मावळेपर्यंत बैलांमागे चालला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी दुपारी पेरणीचं शेवटचं तास, शेवटची ओळ, बांधाला लागली. मावशीने चाडं रिकामं करून झटकलं.

"फिटलं," ती म्हणाली.

तात्पर्य: बसून राहणं दगडालाही जमतं. माणसाने रोज चालावं.